‘जिंजर मिक’ कसा वाचावा: ऑस्ट्रेलियन बोलीकविता वाचण्याची एक रीत

इंग्रजी चांगले अवगत असलेला मराठी वाचक ऑस्ट्रेलियन कवी सी. जे. डेनिस यांचे पुस्तक उघडतो आणि पहिल्याच पानावर अडखळतो, कारण निम्मे शब्द ओळखीचे वाटत नाहीत, उरलेल्यांवर लोपचिन्हांचा (अक्षर गाळल्याच्या खुणांचा) पाऊस पडलेला असतो आणि शब्दकोश हाती घेतला तर कवितेतील विनोद, दुःख आणि चाल तिन्ही एकदमच नाहीशी होतात. ही अडचण भाषेच्या ज्ञानाची नसून वाचण्याच्या पद्धतीची आहे. ही कविता आधी तोंडाने आणि मग डोळ्यांनी वाचायची असते, आणि ते एकदा जमले की मेलबर्नच्या एका गल्लीतील ससे विकणारा जिंजर मिक पहिल्या महायुद्धावर जाऊन कसा मरतो, हे त्याच्याच गल्लीच्या भाषेत ऐकू येऊ लागते.

वाचनाला बसण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका माहीत असावी. ऑस्ट्रेलियात सामान्य माणसाच्या बोलण्यात कविता लिहिण्याची परंपरा सिडनीत १८८० मध्ये सुरू झालेल्या ‘द बुलेटिन’ या साप्ताहिकाभोवती वाढली. हेन्री लॉसन यांनी शहरातील गरिबांवर आणि संपावरील मेंढ्या कातरणाऱ्या कामगारांवर लिहिले, तर बँजो पॅटरसन यांनी गुराखी आणि घोडेस्वारांवर लिहिले. डेनिस त्यांच्यानंतरचे. ते १८७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑबर्न येथे जन्मले आणि पुढे मेलबर्नजवळच्या टुलांगी या डोंगराळ गावात राहिले. त्यांचे ‘द साँग्ज ऑफ अ सेंटिमेंटल ब्लोक’ १९१५ मध्ये आले, त्याला लॉसन यांची प्रस्तावना होती, आणि पहिल्या दीड वर्षात त्याच्या ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. त्या वेळी साऱ्या देशाची लोकसंख्या ५० लाखांच्याही आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. १९१६ मध्ये आलेल्या ‘द मूड्स ऑफ जिंजर मिक’ची छोटी, खिशात मावणारी आवृत्ती खंदकांतील सैनिकांसाठी काढली गेली होती.

आपले लक्ष्य जिंजर मिक असले तरी सुरुवात मात्र त्याच्यापासून करू नये. मिक हा ‘ब्लोक’चा, म्हणजे पहिल्या पुस्तकातील बिलचा मित्र आहे, आणि मिकची गोष्ट आपल्याला बिलच सांगतो. बिल कोण होता, लोणच्याच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले चिकटवणाऱ्या डोरीनच्या प्रेमात पडून तो मारामाऱ्या सोडून संसारी कसा झाला, हे माहीत नसेल तर मिकविषयी बोलताना त्याचा आवाज का बदलतो ते समजत नाही. म्हणून आधी पहिल्या पुस्तकातील ‘अ स्प्रिंग साँग’ आणि ‘द प्ले’ या दोन कविता वाचाव्यात आणि नंतर मिककडे वळावे. डेनिस १९३८ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे लेखन आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि दोन्ही पुस्तके प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळतात.

आता प्रत्यक्ष वाचन. ‘अ स्प्रिंग साँग’ची पहिली ओळ देवनागरीत लिहिली तर अशी दिसते: ‘द वर्ल्ड अ‍ॅज गॉट मी स्नाउटेड जिस्ट अ ट्रीट’ (दुनियेने माझ्यावर पक्का डूख धरला आहे). मी मुद्दामच देवनागरीत लिहिली, कारण नवख्या वाचकाला मी हाच उपाय सुचवतो. एक कडवे वहीत देवनागरी लिपीत, जसे उच्चारायचे तसे, उतरवून काढावे. रोमन अक्षरांतील लोपचिन्हे डोळ्यांना टोचतात, पण देवनागरीत ‘हॅज’चे ‘अ‍ॅज’, ‘हिज’चे ‘इज’, ‘फॉर’चे ‘फर’ आणि ‘जस्ट’चे ‘जिस्ट’ झाले की केवळ एक उच्चार उरतो आणि बोलणारा माणूस समोर येऊन उभा राहतो. पाच-सहा कडवी अशी उतरवल्यावर वहीची गरज राहत नाही.

मात्र उतरवताना एक गोष्ट ध्यानात येईल, आणि ती महत्त्वाची आहे. डेनिस यांनी बदललेल्या काही शब्दांचा उच्चार मुळी बदललेलाच नाही. ‘सेज’ (says) हा शब्द ते वेगळ्या वर्णांनी (sez) लिहितात, पण इंग्रजीत तो सगळेच, अगदी राजघराण्यातील माणसेसुद्धा, तसाच उच्चारतात. मग ते लेखन बदलले कशासाठी? आपल्याकडे ‘पाहिजे’ हा शब्द घाईत बहुतेक सगळेच ‘पायजे’ असा उच्चारतात, पण कथेतील एखाद्या पात्राच्या तोंडी ‘पायजे’ असे छापले की वाचक लगेच त्या पात्राचा वर्ग आणि शिक्षण ठरवून मोकळा होतो. डेनिस वाचकाच्या याच सवयीशी खेळतात. आधी ते त्याला अडाण्याच्या बोलण्यावर हसू देतात, आणि मग त्याच बोलण्यातून असे काही सांगतात की हसणाऱ्याला संकोच वाटावा. म्हणून लेखनातील प्रत्येक ‘चूक’ पाहताना हिचा उच्चार खरोखर वेगळा आहे की ती फक्त डोळ्यांसाठी आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा.

यानंतर लय. वरच्या ओळीत ‘वर्ल्ड’, ‘गॉट’, ‘स्नाउट’, ‘जिस्ट’ आणि ‘ट्रीट’ या पाच ठिकाणी आघात येतो. मराठी वाचक सवयीने मात्रा मोजू लागतो, पण येथे मात्रांपेक्षा आघात मोजायचा असतो; टेबलावर बोटाने पाच ठोके देत ओळ म्हटली की ती आपोआप बसते. त्या कडव्यात तीन लांब ओळींनंतर चौथी ओळ अचानक आखूड होते, ‘इज अप द पोल’ (सगळे बोंबलले), आणि तिच्यात दोनच ठोके असतात. त्या उरलेल्या जागेत वाचणाऱ्याने थांबायचे असते. लांब ओळींत माणूस तक्रार मांडतो आणि आखूड ओळीत त्याचा धीर सुटतो.

पाच ठोक्यांची ही ओळ शेक्सपिअरच्या नाटकांतीलही आहे, आणि ‘द प्ले’ या कवितेची सगळी गंमत त्यावर उभी आहे. बिल आणि डोरीन ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पाहायला जातात, आणि बिलला ते नाटक आपल्याच गल्लीतील टोळ्यांच्या भांडणासारखे वाटते. नावात काय आहे, हा ज्युलिएटचा प्रश्न ऐकून तो म्हणतो, ‘बिलो इज जस्ट अ‍ॅज गुड अ‍ॅज रोमिओ’. ही ओळ विनोद म्हणून वाचून पुढे जाऊ नये. गल्लीतला बिल आणि व्हेरोनाचा रोमिओ एकाच वृत्तात बोलतात, हे कवीने कानाला आधीच पटवून दिलेले असते आणि शब्द त्यावर फक्त शिक्का मारतात.

शब्दांच्या बाबतीत माझा सल्ला असा की, यादी पाठ करू नये. डेनिस यांनी पुस्तकाच्या शेवटी स्वतःच शब्दार्थ दिले आहेत, तेवढे पहिल्या वाचनाला पुरतात. मात्र चार-पाच शब्द आधीच माहीत असावेत, कारण सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. ‘स्टाउश’ म्हणजे मारामारी. आपल्या ‘राडा’ या शब्दाला तो अगदी जवळचा आहे. ‘पुश’ म्हणजे गल्लीतील टोळी, ‘कॉबर’ म्हणजे जिवलग दोस्त, ‘टॉफ’ म्हणजे उच्चभ्रू माणूस, आणि ‘टार्ट’ म्हणजे पोरगी किंवा प्रेयसी. हा शेवटचा शब्द पुढे हिणकस झाला, पण बिलच्या तोंडी तो तसा नाही, त्यामुळे आजच्या अर्थाने वाचल्यास डोरीनवर आणि बिलवर दोघांवरही अन्याय होतो. याहून खोलात जायचे असेल तर १९८८ मध्ये प्रथम निघालेला ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी हा कोश वापरावा, कारण तो प्रत्येक शब्दासोबत त्याच्या वापराची कालानुक्रमे उदाहरणे देतो.

आता मिककडे वळू. मिक स्पॅजर्स लेन नावाच्या गल्लीत राहतो आणि ससे विकतो. हा व्यवसाय कवीने गंमत म्हणून निवडलेला नाही. व्हिक्टोरिया प्रांतात १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर ससे सोडले, त्यांची संख्या आटोक्याबाहेर गेली, शेतीची धूळधाण झाली, आणि शहरातील गरिबांना मात्र स्वस्त मांस मिळू लागले. ते दारोदार विकणारा फेरीवाला हा शहरी जीवनातील तळाचा माणूस होता. अशा माणसाला साम्राज्याच्या युद्धाचे काय? ‘वॉर’ या कवितेत तो हाच प्रश्न विचारतो. त्यानंतरची ‘द कॉल ऑफ स्टाउश’ ही कविता सावकाश वाचावी, कारण मिक सैन्यात जातो ते राजासाठी वा झेंड्यासाठी नव्हे, तर कुठेतरी मोठा राडा चालू आहे आणि आपण त्यात नाही, ही गोष्ट त्याला सहन होत नाही म्हणून. पुस्तकभर युद्धासाठी मारामारीचे, खेळाचे आणि मुष्टियुद्धाचे शब्द येतात. मेलेल्यांसाठीसुद्धा ‘टुक द काउंट’ असा, पंचाने दहा आकडे मोजल्यावर न उठलेल्या मुष्टियोद्ध्याचा वाक्प्रचार येतो. वाचताना असे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करत जावे. पुस्तक संपेपर्यंत आपल्याला दिसेल की, मिकला युद्ध समजावून घेण्यासाठी गल्लीखेरीज दुसरी भाषाच उपलब्ध नव्हती.

इतिहासाची माहिती येथे थोडीच लागते. ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या फौजा २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरल्या, ऑगस्टमध्ये सारी बैरच्या टेकड्यांसाठी मोठी लढाई झाली, आणि डिसेंबरमध्ये ‘अँझॅक’ या त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावरून माघार घेण्यात आली. ‘सारी बैर’ हे मिकच्या पुस्तकातील एका कवितेचे नाव आहे. या मोहिमेत ऑस्ट्रेलियाचे ८ हजारांहून अधिक सैनिक मरण पावले. हे सारे स्वेच्छेने भरती झालेले होते. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव ऑस्ट्रेलियन मतदारांनी १९१६ आणि १९१७ अशा दोन सार्वमतांत फेटाळला. मिक आपणहून गेला, या गोष्टीला त्या काळात किती राजकीय वजन होते, हे यावरून ध्यानात यावे. भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट आठवणीत ठेवावी की, त्याच किनाऱ्यावर भारतीय पर्वतीय तोफखाना आणि खेचरांची पथकेही होती.

सैनिकाची बोली छंदात आणण्याची वाट डेनिस यांच्या आधी मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी १८९२ च्या ‘बॅरॅक-रूम बॅलड्स’मध्ये रुळवली होती. दोघे शेजारी ठेवून वाचले तर फरक स्पष्ट कळतो. किपलिंग यांचा शिपाई पलटणीच्या वतीने बोलतो, तर डेनिस यांच्या कवितेत एक दोस्त दुसऱ्या दोस्ताविषयी बोलतो.

या पुस्तकाकडे भोळेपणाने मात्र पाहू नये. डेनिस स्वतः सैन्यात नव्हते आणि त्यांनी गॅलिपोली टुलांगीच्या झाडीतून लिहिली. पुस्तकांत मेलबर्नच्या चिनी रहिवाशांसाठी तुच्छतादर्शक शब्द सहज येतात. टोळीतला गुंड सैन्यात जाऊन सुधारतो, हे कथानक तेव्हाच्या सरकारला सोयीचेच होते. हे सगळे मान्य करूनही मी ही कविता वाचतो, आणि ते शेवटच्या ‘अ गॅलंट जंटलमन’ या कवितेमुळे.

ती कविता पूर्ण आवाजात वाचावी, पण एक ओळ येईपर्यंत घाई करू नये. मिक मेल्याची बातमी त्याच्या प्रेयसीला, रोझला, लोकांनी हळुवारपणे सांगितली, आपल्याला मात्र ती नुसती अशी आली, असे बिल सांगतो आणि पुढची ओळ येते: ‘जिस्ट, किल्ड इन अ‍ॅक्शन, अँ’ बिनीथ, इज नेम’. ‘जिस्ट’ बिलचा आहे, ‘इज’ बिलचा आहे. मधले तीन शब्द तेवढे शुद्ध इंग्रजीत, मोठ्या अक्षरांनी, सरकारने लिहिलेले आहेत. इतकी पाने बोलीत ऐकल्यानंतर ते शुद्ध शब्द कानाला परके आणि थंड लागतात. हा परिणाम अनुभवता यावा म्हणूनच आधीची सारी खटपट करायची असते, आणि बोली ‘दुरुस्त’ करून वाचणाऱ्याच्या हाती तो कधीच लागत नाही.

वाचनाची शेवटची पायरी म्हणून एखादे कडवे मराठीत आणून पाहावे. भाषांतर छापायचे नसले तरी हरकत नाही, त्यातून मूळ अधिक कळते. ‘अ स्प्रिंग साँग’चे पहिले कडवे मी प्रथम असे केले होते:

दुनियेनं माझ्यावर डूख धरलाय पक्का,
नशिबानं हाणला काळजात डाव्या हाताचा बुक्का;
जिवापाड जपलेलं सुखबिख जे काय व्हतं,
ते समदं बोंबललं.

दुसऱ्या दिवशी वाचताना चूक दिसली. ‘व्हतं’ आणि ‘समदं’ या रूपांनी बिलला बांधावर नेऊन बसवले होते, आणि बिल तर मेलबर्नच्या बाजारातला माणूस. अशिक्षित म्हटला की त्याला ग्रामीण बोली द्यायची, ही आपल्या लेखनातील जुनी खोड आहे. ‘होतं’ आणि ‘सगळं’ ही साधी शहरी रूपे ठेवली, आणि गल्लीचा रंग ‘सुखबिख’, ‘बुक्का’ आणि ‘बोंबललं’ या शब्दांवरच सोडला, तेव्हा ते कडवे जागेवर आले.

‘किल्ड इन अ‍ॅक्शन’पाशी याच्या उलट मोह होतो. हात आपोआप ‘वीरमरण’ लिहू पाहतो. पण तो गौरवाचा शब्द आहे आणि मूळचा शब्द कचेरीतल्या कागदावरचा आहे, त्यामुळे तेथे फक्त ‘युद्धात ठार’ असे लिहावे आणि खाली नाव.