आयोवातल्या गावात भूल देताना

सांगलीला गेले की आईच्या मैत्रिणी हमखास विचारतात, "म्हणजे तू भूलतज्ज्ञ डॉक्टर झालीस का गं?" नाही, मी नर्सच आहे, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात भूल देते. आपल्याकडे भूल देणं डॉक्टरांचं काम, म्हणून हे पटकन पचनी पडत नाही. अमेरिकेत नर्सने भूल देण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. मेयो बंधू या नावाजलेल्या सर्जनांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सने १९०६ मध्ये १४,००० हून जास्त केसेसचा अहवाल छापला. भुलीमुळे दगावलेला त्यात एकही पेशंट नव्हता. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकीला हे नाव ठाऊक हवं.

वाट लांबची आहे. बीएस्सी नर्सिंग, इथलं नर्सिंग लायसन्स आणि आयसीयूचा किमान एक वर्षाचा अनुभव, एवढं तर लागतंच. मी मात्र तीन वर्षं काढा म्हणेन. व्हेंटिलेटर आणि ब्लडप्रेशर वाढवणारी औषधं हाताखालून गेली नसतील, तर पहिल्या सहामाहीतच दमछाक होते. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेटच करावी लागते. ती तीन वर्षांची, आणि शिकताना नोकरी जवळपास अशक्य. तीन वर्षांचा घरखर्च आधी बाजूला ठेवा, मगच अर्ज भरा.

शिकताना मोठ्या हॉस्पिटलची सवय लागते. पेशंटच्या घशातून श्वासाची नळी जात नसली तर हाक मारायची, की दोन मिनिटांत कुणीतरी अनुभवी माणूस दारात हजर. आमच्या हॉस्पिटलला २५ खाटा आहेत आणि भूल देणारे आम्ही दोघंच. एक आठवडा तो, एक आठवडा मी. नर्सच्या भुलीवर डॉक्टरांची देखरेख हवी, या केंद्राच्या अटीतून सूट घेण्याची मुभा राज्यांना २००१ मध्ये मिळाली आणि आयोवाने ती सगळ्यांच्या आधी घेतली. म्हणून रात्री दोन वाजता निर्णय माझा असतो, त्याची जबाबदारीही माझीच. मागून कुणी येणार नाही हे मनात पक्कं धरून शिका.

एका ऑक्टोबरात, मक्याची काढणी जोरात असताना, धान्य चढवायच्या यंत्रात हात सापडलेला एक शेतकरी आला. तासाभरापूर्वी पोटभर जेवलेला. पूर्ण भूल दिली आणि उलटी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतणार. मी काखेत सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखे मज्जातंतू दिसले. सुई त्यांच्याजवळ नेली आणि औषधाचं काळं वलय भोवती पसरताना पाहिलं. वीस मिनिटांत हात बधिर. सर्जन टाके घालत होते आणि हे काका मला विचारत होते, तुमच्याकडे काय पिकतं? मी हळदीचं सांगितलं. ती जमिनीखाली येते हे ऐकून त्यांना फार नवल वाटलं. तेवढाच भाग बधिर करणारे हे ब्लॉक आणि बाळंतिणीची कण्यातली भूल शिकतानाच हातात बसवून घ्या. गावात रोज लागतात.

'नाही' म्हणायलाही शिकावं लागतं. पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला आलेल्या एका आजींच्या छातीत आवाज ऐकू आला. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, म्हणाल्या. हृदयाची झडप अरुंद असावी असं वाटलं, म्हणून मी भूल द्यायला नकार दिला आणि त्यांना राजधानीच्या शहरात, डे मॉइनला पाठवलं. सर्जन दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तरी आज पुन्हा तेच करेन. हिवाळ्यात हा विचार अजून आधी करावा लागतो, कारण हिमवादळात हेलिकॉप्टर उडत नाही.

पगार चांगला आहे, पण तेवढ्यासाठी आलेले फार टिकत नाहीत.

आणि औषधांच्या तारखा स्वतः तपासा. भुलीच्या औषधाने क्वचित एखाद्याचा ताप भयंकर चढतो, त्यावर डँट्रोलीन लागतं. आमच्याकडे त्याच्या ३६ बाटल्या आहेत. प्रत्येकीत ६० मिलिलिटर पाणी घालून हलवत बसायचं. दोन हातांचं हे काम नव्हेच, म्हणून वर्षातून दोनदा मी लॅबच्या, एक्स-रेच्या आणि स्वयंपाकघरातल्या लोकांना गोळा करते आणि मुदत संपलेल्या बाटल्यांवर सराव घेते. सगळ्यात लवकर स्वच्छ नारिंगी द्रव करून दाखवतात त्या स्वयंपाकघरातल्या बाई. कॉलच्या यादीत लॅबच्याही आधी मी त्यांचाच नंबर लिहिला आहे.