जुनी गाडी ओढत नाही, पेट्रोल मात्र पिते? आधी हे बघा
कसारा घाट चढताना माझी जुनी पेट्रोल गाडी तिसऱ्या गियरवरही रडायला लागली, ॲव्हरेज १६ वरून ११ वर आलं, आणि जो तो म्हणे इंजिन गेलं, काम काढ. काही गेलं नव्हतं.

आधी टाकी फुल करा, नोझल कट झालं की थांबा, २००-३०० किमी चालवून परत तशीच फुल करा आणि चाललेल्या किमीला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा, पेट्रोलच्या काट्यावर विश्वास नको.

मग नाशिकच्या गंगापूर रोडला सावकाश चक्कर मारा, ब्रेक कमीत कमी दाबा, उतरून चारही रिमजवळ हात न्या, चिकटवू नका, भाजेल. माझं पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं, कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिन जाम, म्हणजे महिनाभर मी ब्रेक लावूनच फिरत होतो राव!

टायरची हवा, एअर फिल्टर बघालच. स्पार्क प्लग काढा: तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तेलकट ओला म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय, इंजिन ऑइल आत येतंय. चौथ्यावर ४० ला दाबून रेस दिली आणि नुसता आरपीएम चढला, वेग नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. हायवेला टेंपरेचरचा काटा खालीच राहतो? थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन थंडच वाटतं आणि ते पेट्रोल जास्त सोडतं.

एवढं करूनही फरक नाही तरच कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजणं. एखादा सिलिंडर कमी दाखवला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायला लावा, वाढलं तर रिंग, नाहीतर बहुतेक व्हॉल्व्ह.