जुन्या कॅडिलॅक लिमोझिन नेमक्या किती बनल्या हे शोधायचं कसं

‘ह्या मॉडेलच्या फक्त इतक्याच गाड्या बनल्या’ असं ठोकून देणाऱ्या पोस्ट वाचून खरंच वैताग आलाय. आकडा कुठून आला, कशाचा आहे, कोणी विचारतच नाही. मी बरीच वर्षं अमेरिकन फॅक्टरी लिमोझिनच्या मागे आहे, विशेषतः कॅडिलॅकची सीरिज ७५, म्हणजे त्यांच्या सर्वात लांब गाड्यांची मालिका, तर पद्धत सांगतो.

१. आधी ठरवा की फॅक्टरी लिमोझिन म्हणजे तुम्ही काय धरताय. कंपनीच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये असलेली आणि कंपनीनेच विकलेली, ही माझी व्याख्या. बाहेरच्या कारखान्याने साधी सेडान मधोमध कापून लांब केली तर ती ह्यात येत नाही. क्रायस्लरची क्राऊन इंपीरियल मात्र येते, १९५७ ते १९६५ मध्ये तिचं काम इटलीत ट्यूरिनच्या गिया कारखान्यात झालं पण कॅटलॉग आणि विक्री क्रायस्लरची. एकूण १३२ गाड्या, त्यातल्या १९५९ साली तर फक्त ७.

२. मॉडेल वर्षाप्रमाणे उत्पादनाचा तक्ता मिळवा. कॅलेंडर वर्षाचा नको, कारण १९५९ चं मॉडेल १९५८ च्या शेवटालाच बनायला लागलेलं असतं.

३. आता तक्ता वाचायचा, आणि सगळे चुकतात ते इथेच. मीपण चुकलो होतो.

१९५९ च्या तक्त्यात सीरिज ७५ खाली दोन ओळी आहेत, स्टाइल (म्हणजे बॉडीच्या प्रकाराचा नंबर) ६७२३ च्या ७१० आणि ६७३३ च्या ६९० गाड्या. मी बेरीज केली आणि १४०० लिमोझिन असं लिहून मोकळा झालो. एका जुन्या संग्राहकाने एकच प्रश्न विचारला, ह्यातल्या किती गाड्यांना मधली काच आहे? तेव्हा कळलं की ६७२३ ही नऊ जणांची सेडान आहे, बाहेरून जवळपास तशीच, तेवढीच लांब, पण ड्रायव्हर आणि मागच्या लोकांच्या मध्ये काच नाही. काच असलेली ती ६७३३, तीच लिमोझिन. म्हणजे माझा आकडा दुपटीहून जास्त फुगला होता, आणि तो लोकांनी उचलून पुढे पसरवला ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच तक्त्यात खाली ६८९० अशी अजून एक ओळ असते, २१०२ ची. ती कमर्शियल चासी, म्हणजे पुढचा भाग आणि सांगाडा, जो शववाहिका आणि अँब्युलन्स बनवणाऱ्या कंपन्यांकडे जायचा, तिचा व्हीलबेसपण (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) वेगळा, १५६ इंच. ती लिमोझिनमध्ये मिसळू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. लांब काळी कॅडिलॅक दिसली की लिमोझिन, असं नसतं.

दुसऱ्या महायुद्धाआधीची वर्षं बघत असाल तर अजून एक गोची आहे. तिथे लिमोझिन शब्द न वापरता ‘इंपीरियल सेडान’ लिहिलेलं सापडतं. त्याचा क्रायस्लरच्या इंपीरियलशी काहीही संबंध नाही, कॅडिलॅकच्या भाषेत इंपीरियल म्हणजे मधली काच असलेली. हे माहीत नसलं तर तुम्ही अख्खी ओळ सोडून द्याल.

आणि व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, मोजायला जाऊ नका, प्लीज. १९५९ मध्ये सगळ्या कॅडिलॅक एकाच क्रमात होत्या, १ पासून १,४२,२७२ पर्यंत, कूप, कन्व्हर्टिबल, लिमोझिन सगळं एकत्र. कोणी म्हणालं की माझा नंबर लहान आहे म्हणजे ही पहिल्या लिमोझिनपैकी एक, तर ते सिद्ध होत नाही.

४. एखादी ठराविक गाडी तपासायची असेल तर फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरची, डेटा प्लेट बघा. स्टाइलसमोर ५९-६७३३ हवं. खाली बॉडी नंबर असतो, आधी एफडब्ल्यू म्हणजे फ्लीटवूड, कॅडिलॅकच्या बॉडी बनवणारा विभाग, आणि हा नंबर त्या स्टाइलपुरता क्रमाने चालतो, म्हणून ६७३३ वर ६९० च्या पुढचा नंबर दिसला तर थांबा, काहीतरी गडबड आहे. नुसत्या काचेवर विश्वास ठेवू नका, ६७२३ मध्ये नंतर काच बसवता येते आणि लिमोझिन म्हणून जास्त किंमत मागता येते. पुढच्या सीटचं चामडं आणि मागचं कापड प्लेटवरच्या ट्रिम कोडशी (आतल्या चामड्या-कापडाचा कोड) जुळतंय का तेही बघा.

५. कॅडिलॅकची जुनी बिल्ड शीट, म्हणजे गाडी कशी बनवली त्याची कारखान्यातली नोंद, जीएमच्या (कॅडिलॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स) संग्रहातून पैसे भरून मिळत आलीय, मागवा. कॅटलॉग आणि डीलरची डेटा बुक बघायची असतील तर डेट्रॉइट पब्लिक लायब्ररीचा ऑटोमोटिव्ह संग्रह आणि अमेरिकेतल्या हर्शी गावची एएसीए ह्या जुन्या गाड्यांच्या क्लबची लायब्ररी, दोन्हीकडे ईमेल टाका, पण वर्ष आणि स्टाइल नंबर लिहून नेमकं विचारा, ‘जुन्या लिमोझिनची माहिती पाठवा’ असं मोघम नको.

६. प्रत्येक आकड्यापुढे लिहून ठेवा, कुठल्या कागदावरून घेतला आणि त्यात काय मोजलंय. दोन कागद जुळले नाहीत तर दोन्ही आकडे ठेवा, सरासरी काढू नका.

प्लेटचे फोटो गाडी रिस्टोरेशनला जायच्या आधी घ्या. तिच्यावर रंग चढलेला असला तर घासू नका, बाजूने तिरपा टॉर्च मारा, उठावाची अक्षरं सावलीत बरोबर वाचता येतात.