दुखापतीनंतर ‘हलक्या कामा’वर रुजू होताना

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘हलकं काम द्यावं’ एवढंच असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. सुपरवायझरच्या लेखी बसून केलेलं काम हलकं; कमर दुखावलेल्याला मात्र दोन तास एका जागी बसणंच सगळ्यात जड जातं. म्हणून चिठ्ठीत आकडे मागून घ्या: किती किलोपर्यंत उचलायचं, सलग किती मिनिटं बसायचं किंवा उभं राहायचं, हात खांद्याच्या वर न्यायचा का, शिडी चालेल का, दिवसाला किती तास, पुढची तपासणी कधी. झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर यंत्र आणि गाडी चालवायची नाही, हेही त्यात येऊ द्या.

डॉक्टरांनी तुमचं काम पाहिलेलं नसतं. तपासणीला जाताना ते लिहून न्या: ‘१२ किलोचा क्रेट, जमिनीवरून कमरेच्या उंचीवर, तासाला ४० वेळा.’ ‘सामान उचलतो’ म्हटल्याने काही कळत नाही.

चिठ्ठीची एक प्रत ऑफिसात, एक सुपरवायझरकडे, एक स्वतःजवळ. शिफ्ट बदलली की नव्या माणसाला ती पुन्हा दाखवा. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. तुम्हाला नेमकं कुठलं काम दिलंय, तेही लेखी घ्या.

सुरुवात अर्ध्या दिवसाने झाली तर उत्तम. पुढे डॉक्टरांना विचारून वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट. तास आणि वजन दोन्ही एकदम वाढवलंत आणि दुखणं उलटलं, तर कशामुळे ते समजणार नाही. वहीत रोज दुखण्याला ० ते १० आकडा द्या: कामाआधी, सुटल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी थोडं वाढून सकाळपर्यंत उतरलं तर बहुधा काळजी नाही. सकाळीही तेवढंच राहिलं तर आदल्या पायरीवर या आणि डॉक्टरांना कळवा.

खरा धोका बरं वाटायला लागल्यावर असतो. कुणीतरी म्हणतं, ‘जरा हात लाव रे’, आणि पुढ्यात पाण्याचा २० लिटरचा जार. नुसतं पाणीच २० किलो. ‘मला ५ किलोच्या वर बंदी आहे’ असं आकड्यानिशी सांगितलं की कुणी फारसा वाद घालत नाही. ते ५ किलोसुद्धा पोटाशी धरून उचला. हात लांब करून उचललं तर पाठीवरचा ताण कितीतरी वाढतो. कमरेचा पट्टा बांधला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. उठल्यावर पहिला तासभर खाली वाकणं टाळा: रात्रीत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात.

पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर शिफ्ट संपायची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा.