एगनॉगची तयारी: नाताळच्या आधीचे तीन दिवस

२४ डिसेंबरच्या रात्री गाणी म्हणत फिरणारी मंडळी आमच्या छावणीतल्या घरी साडेनऊच्या सुमारास पोचतात. वीसेक जण, त्यात सहा-सात लहान मुलं, सगळ्यांच्या कानाला मफलर. पूर्वी आम्ही चहा टाकायचो. गेली काही वर्षं मी एगनॉग करते, दारूचा थेंबही न घालता. नाव ऐकून अजूनही कुणी बिचकतं, कारण अमेरिकेत यात रम नाहीतर ब्रँडी पडत आली आहे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८२६ सालच्या नाताळात कॅडेटांनी चोरून आणलेल्या दारूचं एगनॉग केलं आणि त्यावरून मोठा दंगा झाला होता. पण दारू काढून टाकली तर उरतं काय? दूध, अंड्याचा बलक, साखर नि जायफळ. यातलं परकं असं काहीच नाही. शेजारच्या आजींनी पहिल्यांदा विचारलं होतं, "दुधात अंडं? ते तर तालमीतली पोरं पितात, बाई." बरोबर आहे, फक्त तालमीतलं कच्चं असतं आणि आपलं शिजवलेलं. सगळी तयारी या एका फरकाभोवती फिरते.

२२ तारखेला सामान आणून ठेवावं. वीस जणांना दोन लिटर दूध, बारा अंडी, पाव किलो साखर आणि वाटीभर साय पुरते. दाट पेय आहे, चहाच्या काचेच्या ग्लासात दिलं की माणशी सव्वाशे मिली भरपूर होतं. दूध म्हशीचंच सांगावं. रतीबवाल्याला दोन दिवस आधी निरोप द्यावा, सणाच्या दिवशी जास्तीचं दूध मिळत नाही. परदेशी कृतीत घातलेली क्रीम म्हशीच्या दुधाला फारशी लागत नाही, घरची साय पुरते. अंडी आणल्यावर धुऊन ठेवू नयेत, फोडायच्या वेळीच धुवावीत. प्रत्येक अंडं पाण्याच्या भांड्यात सोडून बघावं: तळाशी आडवं बसलं तर ताजं, तरंगलं तर बाजूला काढावं.

जायफळ अख्खंच घ्यावं. पुरणासाठी घरात असतंच, पण मागच्या होळीचं किसलेलं डबीत असेल तर त्याचा वास गेलेला असतो. दोन लिटरला पाव जायफळ खूप झालं. जास्त घातलं की चव कडवट होते आणि फार झालं तर जायफळ बाधतं. लहान मुलं पिणार आहेत, तेव्हा हात आखडताच बरा. व्हॅनिला घेताना बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत, कारण काही अर्क अल्कोहोलमध्येच काढलेले असतात. रमच्या वासाचा इसेन्स मी आणत नाही. रमची ती काळसर गोड चव मळीतून आलेली असते. तशी खोली पाहिजे असेल तर चार चमचे साखर कोरडीच कढईत तांबूस करपवून दुधात विरघळवावी. गूळ मात्र गरम दुधात टाकू नये, दूध फाटतं.

आणि नळाला पाणी कधी येणार ते बघावं. आमच्याकडे मधले काही दिवस कोरडे जातात. बर्फ लावायला, ग्लास विसळायला, भांडी घासायला पाणी भरलेलं नसेल तर २४ च्या रात्री सगळं अडतं. बर्फही २२ लाच लावावा.

२३ ची दुपार शिजवायला राखून ठेवावी. मी दुपार म्हणते, कारण संध्याकाळी घाई असते आणि घाईत अंडं फाटतं. एका वर्षी भगुनं गॅसवर असताना फोन वाजला, मी चार वाक्यं बोलून परत आले तर दुधात पिवळट रवाळ कण पोहत होते आणि घरभर आमलेटचा वास. दोन लिटर दूध गेलं. तेव्हापासून हा अर्धा तास माझा फोन दुसऱ्या खोलीत असतो.

दूध आधी उकळून घ्यावं, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा त्यातच टाकावा, मग उतरवून दहा मिनिटं निवू द्यावं. तोवर बलक वेगळे करावेत. साखर बलकावर टाकून तशीच ठेवू नये; साखर पाणी ओढून घेते आणि बलकाच्या गुठळ्या होतात. टाकली की लगेच रवीने घुसळावं, रंग लिंबासारखा फिका होईपर्यंत. आता वगराळंभर कोमट दूध बारीक धारेने बलकात ओतायचं, दुसऱ्या हाताने घुसळणं चालूच. असं तीन-चार वगराळी. बलक दुधाच्या उष्णतेला सरावला की मग सगळं भगुन्यात परत ओतायचं. उलट केलं, म्हणजे बलक थेट गरम दुधात टाकला, तर त्याची भुर्जीच होते.

जाड बुडाचं भगुनं, अगदी मंद आच, लाकडी उलथनं. तळ खरवडत, कडा सोडवत सारखं फिरवत राहावं. सुरुवातीला वरचा फेस दिसतो, पाच-सात मिनिटांत तो जिरतो, वाफ धरते आणि उलथनं हाताला जड लागायला लागतं. चमचा बुडवून वर काढावा, त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघेच्या कडा ओघळल्या नाहीत की झालं. अंड्यातले साल्मोनेला जंतू मरायला ७१ अंश सेल्सिअस गाठायला हवं, आणि ८० च्या पुढे गेलं की फाटण्याची भीती सुरू होते. एवढीशी जागा आहे मधली. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर अंदाजाचा ताण उरत नाही. मी ७५ वर उतरवते. उकळी कधीच फुटू द्यायची नाही.

उतरवल्याबरोबर गाळणीतून गाळावं, परातीत गार पाणी नि बर्फ घेऊन भगुनं त्यात ठेवावं, ढवळत राहावं. घोटलेली साय, व्हॅनिला, चिमूटभर मीठ नि जायफळ आत्ता घालायचं. झाकून फ्रिजमध्ये, आणि ते दोन तासांच्या आत. थंडीचे दिवस आहेत, ओट्यावर राहिलं तर काय होतंय, असं वाटतं. पण आपल्याकडे डिसेंबरातही दुपार चांगली तापते. रात्रभरात ते दाट होतं आणि मसाल्याचा वास मुरतो. ताज्या अंड्याचे पांढरे कच्चे फेटून वर घालायची जुनी पद्धत आहे, ती मी सोडली. बारा पांढऱ्यांची दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा-मिरची घालून भुर्जी होते, बाजरीच्या भाकरीबरोबर.

आमच्याकडे गाणी ऐकायला सगळी गल्ली येते आणि त्यात माळकरी आहेत. काही वर्षी मार्गशीर्षही नाताळापर्यंत लांबतो, तेव्हा गुरुवार धरणाऱ्या बायका असतात. त्यांच्यासाठी लिटरभर दूध कस्टर्ड पावडर लावून वेगळं करावं. ही पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये काढली, ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. तिच्यात मक्याचं पीठ असतं, तरी पुड्यावरचा हिरवा ठिपका बघून घ्यावा. दोन सपाट मोठे चमचे, आधी गार दुधात कालवून. भगुनं वेगळं, वगराळं वेगळं, गाळणी वेगळी, ग्लासही वेगळे. नुसता डाव विसळून चालत नाही. ज्याने विश्वासाने ग्लास तोंडाला लावला त्याचा नेम आपल्या हातून मोडता कामा नये. प्रत्येक ट्रेवर कागद लावावा, 'अंड्याचं' आणि 'बिनअंड्याचं', आणि देताना तोंडाने सांगावंही. अंड्याची ॲलर्जी असलेलं मूलही याने वाचतं.

२४ ला काम थोडं. मंडळी गल्लीच्या टोकाला आली की जेवढं लागेल तेवढंच भगुन्यात काढून मंद आचेवर कोमट करावं, बाकीचं फ्रिजमध्येच राहू द्यावं. ज्यांना गार हवं त्यांना गार द्यावं. वरचं जायफळ ग्लासात ओतल्यावरच किसावं, आधी नाही. किसणीतून पडताना जो वास सुटतो त्याला मुलं लगेच माना वर करतात. बरोबर करंज्या आणि तिखट शंकरपाळे ठेवावेत, नुसत्या गोडाने तोंड मिटतं.

उरलंच तर दोन दिवसांत संपवावं. आणि भगुनं रात्रीच गार पाण्यात भिजत घालावं. गरम पाणी ओतलं तर बलक तळाला शिजून घट्ट बसतो, मग घासता घासता बादलीभर पाणी जातं.