कॉलनीतली ओसाड खुली जागा: पहिल्या पावसाळ्यात खड्डे घेऊ नका

सांगली-मिरजेतल्या कुठल्याही कॉलनीत शिरा, असा एक तुकडा हमखास दिसतो. कडेला राडारोडा, मध्ये गाजरगवत, कोपऱ्यात सुबाभळीचं रान आणि त्यातूनच लोकांनी पाडलेली पायवाट. 5 जूनला, पर्यावरण दिनी, तिथं शंभर रोपं लागतात आणि पुढच्या मे महिन्यात त्यातली दहा शोधावी लागतात. दोष उन्हाळ्यात पाणी न घालणाऱ्यांना दिला जातो. काळ्या जमिनीत मात्र बरीचशी रोपं उन्हाळा लागायच्या आधीच, पावसाळ्यात मुळं कुजून गेलेली असतात. म्हणून पहिलं वर्ष लागवडीचं नाही. ते जागा ओळखण्याचं आणि साफ करण्याचं आहे.

कागदाचं काम आधी उरका. जागा महापालिकेची, सोसायटीची की खाजगी, ते नगररचना विभागातल्या मंजूर लेआउटवर कळतं. परवानगी लेखी घ्या. झाड काढायचं असेल तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा. सुबाभूळ आहे, तिला काय विचारायचं, असं गृहीत धरू नका.

मग जून-जुलैत चार चकरा मारा. मोठा पाऊस पडून गेल्यावर चोवीस तासांनीही पाणी उभं असेल तिथं खुंट्या ठोका. फेब्रुवारीत परत या. माती वाळल्यावर वर मिठासारखा पांढरा थर आला असेल तर जमीन क्षारपड आहे. कृष्णाकाठच्या पाणथळ पट्ट्यात हे नवीन नाही. सहा-सात ठिकाणची एक फुटापर्यंतची माती एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. सामू (पीएच) 8.5 च्या खाली आणि क्षारता (ईसी) 4 च्या वर आली तर जमीन क्षारपड, तिथं जिप्सम टाकून पैसे घालवू नका. क्षार वाहून जायला दीड-दोन फूट खोल चर काढा, पावसाचं पाणी ते काम करतं. पण चराला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर तो डबकंच होतो. सामू 8.5 च्या वर असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम साचलेली, असण्याची शक्यता मोठी. जिप्सम लागतं ते तिथं, आणि किती टाकायचं ते अहवालावरूनच ठरवा.

याच चकरांत आपोआप उगवलेली रोपं शोधा. बोर, निंब, बाभूळ, उंबर ही पाखरांनी आणि जनावरांनी लावलेली झाडं. सोटमूळ सरळ खाली गेलेलं असल्यानं नर्सरीतल्या कुठल्याही रोपापेक्षा ती चिवट असतात. प्रत्येकाशेजारी चुना लावलेली काठी रोवा. गवत कापणारा पहिला हात त्यांच्यावरच चालवतो.

आता सफाई. राडारोडा जेसीबीनं सरसकट उचलू नका, वरची सुपीक माती त्याच्याबरोबर जाते. विटा आणि काँक्रीट वाटेच्या पायासाठी वेगळे काढा, प्लास्टिक आणि काच बाहेर. चार-पाच मोठे दगड उन्हाच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवलेत तर सापसुरळ्यांना घर मिळतं. हा ढीग वाटेपासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांबच बरा.

गाजरगवत फुलावर यायच्या आत, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात, त्यामुळं फुलल्यानंतर उपटणं म्हणजे बी झाडत फिरणं. मिठाच्या पाण्याची फवारणी करा असा सल्ला सर्रास दिला जातो. रस्त्याकडेला ते ठीक, पण आपल्याकडच्या आधीच क्षार धरणाऱ्या जमिनीत मीठ ओतणं शहाणपणाचं नाही. त्यापेक्षा उपटलेल्या जागी उन्हाळ्याच्या शेवटी तरोट्याचं बी टाका. तो दाट उगवतो आणि गाजरगवताला दाबतो.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट जोमानं येते. कुदळीनं माती सारून जमिनीखाली तीन-चार इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे मुळं परत माती धरत नाहीत. पण सगळी घाणेरी एका झटक्यात काढू नका. बुलबुल आणि सातभाई तिच्यात लपतात, घरटी करतात. दर वर्षी एक तृतीयांश काढा आणि त्या जागी करवंद, निरगुडी लावा.

लागवड दुसऱ्या वर्षी. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. त्यात मोठी झाडं चार, मध्यम आठ आणि झुडपं साठ, एवढंच बसतं. मोठ्यांत तीस फूट अंतर, मध्यमांत पंधरा, झुडपांत चार-पाच. उरलेला चाळीसेक टक्के भाग गवताचा आणि माणसांचा. हे आकडे ऐकून लोक नाराज होतात, पण फोटोपुरती लावलेली दाटी पुढं छाटायलाच लागते.

झाडं जागा बघून निवडा. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरच्या डोंगरावर माणसांनी जंगल उभं केलं खरं, पण तिथल्या मुरमाड उतारावर जगलेलं झाड सांगली शहरातल्या विश्रामबागेच्या काळ्या मातीत जगेलच असं नाही. पाणी साचतं तिथं अर्जुन, करंज, जांभूळ. निंब आणि सीताफळ उंचवट्यावरच, त्यांना पाणथळ सोसत नाही. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी आलेल्या भागात हा नियम मोडूच नका, आणि पूर ओसरल्यावर खोडाभोवती साचलेला गाळ मूळ पातळीपर्यंत काढा. वड, उंबर भिंतीपासून आणि ड्रेनेजपासून लांब. झुडपांत कढीपत्ता, तरवड, अडुळसा घ्या. रुई उगवली असेल तर राहू द्या, केशरी-काळ्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर वाढतात.

खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, एप्रिलमध्ये काढून तापू द्या. चिकण मातीत कुदळीनं खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि पावसात खड्ड्याचा हौद होतो, म्हणून भरायच्या आधी भिंती खरवडा. काढलेल्या मातीतच दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. बाहेरून आणलेली पोयटा माती भरली तर मुळं खड्ड्यातच घुटमळतात. भराई जमिनीच्या वर सहा इंच उंचवटा होईल अशी करा, माती बसली तरी रोप पाण्यात उभं राहत नाही. दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पिशवी ओढून काढू नका, कापा. तळाशी गोल फिरलेली मुळं दिसली तर ब्लेडनं छेद द्या.

आच्छादनाला उसाचं पाचट. गळीत हंगामात ते फुकट मिळतं. चार-सहा इंचांचा थर द्या, पण बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी आणि कुज दोन्ही लागतात. पाचट पेटतंही लवकर. फेब्रुवारीच्या आत हद्दीला लागून सहा फुटांचा पट्टा गवत आणि पाचट काढून साफ करा. पावसाळा संपल्यावर झाडाला आठवड्याला पंधरा लिटर, झुडपाला पाच. सगळं मिळून 480 लिटर होतं, म्हणजे 500 लिटरची एक टाकी पुरते.

वाट तिथंच करा जिथं लोक आधीपासून चालतात, चार फूट रुंद. दोन्ही बाजूंना तीन फूट गवत बारीक आणि झुडपं कमरेच्या खाली ठेवा. साप लांबून दिसतो आणि संध्याकाळी बायकांना आडोशाची भीती वाटत नाही. बाकीचं गवत बी पडून गेल्यावर, डिसेंबरात कापा, तेही अर्धंच. उरलेल्यात मुनिया दाणे टिपतात. पाखरांचं पाणी दोन इंच खोल पसरट भांड्यात, मध्ये एक दगड, आणि तीन दिवसांनी धुऊन बदललेलं, नाहीतर डासांची सोय होते. वाळकं खोड कुणावर पडण्यासारखं नसेल तर उभं ठेवा, तांबट त्यात ढोली कोरतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी पंधरा दिवसांवर आणा आणि रोपांभोवती लावलेल्या लोखंडी जाळ्या काढायला लागा. राहून गेलेली जाळी खोडात रुतते, आणि मग ती कापायला वेल्डरच बोलवावा लागतो.