मॉडेल इंजिनाचा रंग पारखताना

दुकानात किंवा मित्राच्या टेबलावर दोन कंपन्यांची रेल्वेच्या एकाच जातीची दोन मॉडेल इंजिने शेजारी आली की पहिला वाद लाल रंगावरून पेटतो. याचा लाल जास्त केशरी, त्याचा जास्त मरून. खरे तर तिथे दोन गोष्टी तपासायच्या असतात आणि त्यांची गल्लत करू नये. एक म्हणजे रंगसंगती मूळ इंजिनासारखी आहे का. दुसरी म्हणजे रंग नीट लागलाय का. आरशासारखी तकाकी असलेल्या मॉडेलवर पट्टा चुकीच्या उंचीवर असू शकतो, आणि पट्टा अगदी बरोबर असलेल्या मॉडेलचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत असू शकतो.

छटेला थोडी सूट द्यावी. पट्ट्याची जागा, रुंदी आणि अक्षरे यांना देऊ नये. मिरजेच्या फलाटावर भुसावळच्या कारखान्यातून पीओएच (ठरावीक काळाने होणारी संपूर्ण दुरुस्ती) होऊन नुकतेच आलेले डब्ल्यूएपी-७ (प्रवासी गाड्यांचे विजेचे इंजिन) आणि तीन-चार उन्हाळे काढलेले दुसरे डब्ल्यूएपी-७ शेजारी लागले, तर त्यांचा लाल एकमेकांशी जुळत नाही. उन्हाने लाल फिका होतो, ब्रेकची तांबूस धूळ खालून वर चढते. मूळ इंजिनेच एकमेकांशी जुळत नसतील, तर मॉडेलच्या छटेचा कीस काढण्यात अर्थ नाही. पण पट्टा उन्हाने वर-खाली सरकत नाही.

आधी नंबर आणि साल ठरवा

‘डब्ल्यूएपी-७ पांढरे आणि लाल पट्ट्याचे असते’ एवढ्यावर तुलना होत नाही. शेडगणिक, म्हणजे इंजिनांच्या देखभालीच्या ठिकाणागणिक, फरक असतात. काही इंजिनांवर जाहिरातीचे व्हिनाइल चढलेले असते आणि त्याची चमक रंगापेक्षा वेगळी दिसते. जुन्या डिझेलचे, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ वगैरेंचे, तर विचारूच नका. प्रत्येक शेडची रंगसंगती निराळी, आणि तीही मधूनमधून बदललेली. म्हणून मॉडेलवर छापलेला पाच आकडी नंबर वाचा, त्या नंबरच्या खऱ्या इंजिनाचे फोटो मिळवा आणि फोटोची तारीख लिहून ठेवा. तो नंबर त्या जातीचा आहे का, हेही तिथेच कळते. डब्ल्यूएपी-७ ची सुरुवात ३०२०१ पासून झाली. ३१ हजारांतला नंबर दिसला तर तो डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या इंजिनाचा.

बांधणीच्या कारखान्याचे नाव सालाशी ताडून पाहा. चित्तरंजनचे इंजिन असेल तर ‘चिरेका’. वाराणसीचा कारखाना २०२० च्या ऑक्टोबरअखेर ‘डीरेका’चा ‘बरेका’ झाला. २०१८ साली बांधलेल्या नंबरावर बांधणीची खूण म्हणून ‘बरेका’ असेल, तर छपाई करणाऱ्याने नुसता ताजा फोटो उचलला आहे.

फोटो आणि मोजमाप

पुणे–मिरज मार्गावर आता विजेची इंजिने धावतात, त्यामुळे सातारा, कराड, सांगली किंवा मिरज स्टेशनवर संदर्भाचे फोटो काढणे अवघड नाही. फोटो फलाटावरूनच काढा. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे, तेव्हा सेल्फी स्टिक, उंच धरलेला ट्रायपॉड, छत्री यांपैकी काहीही वर न्यायचे नाही. पादचारी पुलावर तर मुळीच नाही.

बरोबर समोरच्या फलाटावर, जमेल तितके लांब उभे राहा आणि झूम वापरा. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत इंजिनाचा मधला भाग फुगतो आणि कडेचे पट्टे वाकडे दिसतात. ढगाळ दिवस सर्वांत चांगला. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पांढरे साईसारखे पिवळट दिसते. फोनचा ऑटो मोड लाल रंग भडक करतो, म्हणून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर बांधून ठेवा आणि एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी घ्या. लाल पट्टा जास्त उजळला की त्यातला फरक कायमचा पुसला जातो. नंतर कितीही एडिट करा, तो परत येत नाही.

आता मोजणी. डब्ल्यूएपी-७ ची बफरपासून बफरपर्यंत (बफर म्हणजे दोन्ही टोकांना धक्का झेलणारे दांडे) लांबी २०,५६२ मिमी. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात ती साधारण २३६ मिमी. आधी मॉडेल तेवढे भरते का ते पाहा, कारण सांगाडाच प्रमाणाबाहेर असेल तर पट्टे कधीच जुळणार नाहीत. मग बाजूचा फोटो संगणकावर उघडून बफर ते बफर पिक्सेल मोजा. समजा ३,००० पिक्सेल आले, तर एक पिक्सेल म्हणजे ६.८५ मिमी. पट्टा ६० पिक्सेल उंच असेल तर खरी उंची ४११ मिमी आणि एचओमध्ये ४.७ मिमी. मॉडेलवर डिजिटल व्हर्नियर लावा, जबडे टेकवू नका. रंगावर चरा पडतो. जबडे तेवढ्या मापावर उघडून केसभर अंतरावर धरा आणि डोळ्याने ताडा. ०.२ मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या. अर्ध्या मिमीचा फरक हातभर अंतरावरून दिसतो.

फोटोतल्या मापासाठी चाकाचा आधार घेऊ नका. नवे चाक १०९२ मिमीचे असते, पण कातून कातून ते १०१६ मिमीपर्यंत खाली येते. फोटोतले चाक कोणत्या टप्प्यावर आहे, हे बाहेरून कळत नाही.

समोरून तुलना करताना आणखी एक गोष्ट आडवी येते. आपला ब्रॉडगेज रूळ १६७६ मिमीचा, एचओत तो १९.३ मिमी व्हायला हवा. मॉडेल मात्र १६.५ मिमीच्या रुळावर उभे असते. इंजिन पाय जवळ घेऊन उभे राहिल्यासारखे दिसते आणि वरचे पट्टे उगाच रुंद वाटतात. समोरच्या फोटोतून चाके कापून फक्त सांगाडा जुळवा.

अक्षरे

परदेशात छापलेल्या मॉडेलवर सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात. देवनागरी जोडणी न जमणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर गेला की ‘कल्याण’मधला ल्य फुटतो आणि पाय मोडलेला ल व सुटा य उभा राहतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाते, रफार शेजारच्या अक्षरावर बसतो, ‘पुणे’चा उकार पपासून सुटतो. आपल्याला हे लांबून दिसते. डिझाइन करणाऱ्याला दिसत नाही. मात्र आपले शुद्धलेखन इंजिनावर लादू नका. खऱ्या इंजिनावर ‘भुसावल’ लिहिलेले असेल तर मॉडेलवरही तेच हवे, ‘भुसावळ’ नाही.

दहापट भिंग घ्या. घड्याळजीचे डोळ्याला लावायचे भिंग उत्तम. शिरोरेषा सलग आहे का, ‘मरे’मधल्या (मध्य रेल्वे) मात्रेची जाडी फोटोतल्यासारखी आहे का, आकड्यांचे वळण जुळते का. खरी अक्षरे २०० मिमी उंच असतील तर एचओत २.३ मिमी, आणि २० मिमीची रेघ ०.२३ मिमी. एवढ्या बारीक रेघेची छपाई चांगल्या टॅम्पो यंत्रावर (मऊ पॅडने शाई उमटवणारे यंत्र) नीट येते. रेघेच्या कडेला शाई पसरलेली दिसली तर छपाईचा पॅड झिजला आहे किंवा शाई पातळ आहे. पिवळे अक्षर हिरव्यावर मळकट दिसत असेल, तर खाली पांढरा थर दिलेला नाही. पांढरा थर दिलाय पण कडेने बारीक पांढरी किनार डोकावते, तर दोन छाप एकमेकांवर बसले नाहीत.

डिकल (पाण्यात भिजवून सरकवायची छापील पातळ पापुद्री) वापरलेले असेल तर अक्षरांभोवती चंदेरी झाक आहे का पाहा. मॅट पृष्ठभागावर डिकल लावले की खाली हवा अडकते आणि ती झाक येते. आधी ग्लॉस (पूर्ण चमकीचा थर), मग डिकल, मग सॅटिन (अर्ध्या चमकीचा), हा क्रम चुकल्याची ती खूण.

छटा बघण्याची रीत

दोन्ही मॉडेल राखाडी, बिनचमकीच्या कागदावर ठेवा. पांढऱ्या कागदावर रंग गडद भासतो, काळ्यावर उजळ. प्रकाश ६५०० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) ९० च्या वरचा एलईडी. तो नसेल तर सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड. मग तीच मॉडेल घरच्या पिवळ्या दिव्याखाली न्या. एका उजेडात जुळणारे दोन लाल दुसऱ्यात फाटले, तर रंगद्रव्ये वेगळी आहेत. मॉडेल ज्या दिव्याखाली मांडायचे, त्याच दिव्यातला निकाल धरा.

अंतरालाही महत्त्व आहे. एचओ मॉडेल ६० सेंमीवरून पाहणे म्हणजे खरे इंजिन ५२ मीटरवरून पाहणे. एवढ्या अंतरावर हवेमुळे रंग किंचित फिका आणि करडा होतो. म्हणून इंजिनाला हात लावून पाहिलेल्या रंगाशी नव्हे, लांबून दिसणाऱ्या रंगाशी ताडा. नेमक्या कोडचा रंग मॉडेलवर जड वाटतो, तो यामुळेच. स्वतः रंगवणारे त्यात थोडा पांढरा मिसळतात. लालात पांढरा घातला तर गुलाबी होतो. तिथे साईचा किंवा फिका राखाडी वापरा.

पिवळ्या पट्ट्याला सांगलीकरांना वेगळे मापक नको. हळदीकडे झुकणारा पिवळा आणि लिंबाकडे झुकणारा पिवळा, एवढे दोन शब्द वहीत लिहिले तरी बरेच भांडण मिटते. रंगमापक यंत्र असेल तर ते सपाट, रुंद जागेवरच टेकवा. रिव्हेट, जाळी किंवा छिद्रापेक्षा अरुंद पट्टा आला की आकडा खोटा येतो. डेल्टा-ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) २ च्या आत असेल तर पुढे जा. ५ च्या वर गेला तर तो फरक कोणालाही दिसेल. लाल-हिरव्यातला भेद कमी जाणवणारे पुरुष बरेच असतात, म्हणून छटेचा निर्णय एकट्याने देऊ नये. दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत.

रंग नीट लागलाय का

कवच निघत असेल तर आतून पाहा. आत-बाहेर एकच रंग असेल, तर प्लास्टिकच रंगीत आहे आणि त्यावर फक्त पट्टे छापले आहेत. असे मॉडेल खेळण्यासारखे किंचित पारदर्शक दिसते. फोनचा टॉर्च आत धरा. पांढऱ्या भागातून, कॅबच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपला तर हेडलाइट लावल्यावर इंजिनाचे नाक कंदिलासारखे चमकेल. चांगल्या मॉडेलमध्ये आतून काळा हात दिलेला असतो.

मग ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बाजूच्या सपाट पत्र्यावर घ्या आणि मॉडेल हळूहळू फिरवा. प्रतिबिंबाची रेघ थरथरली तर रंग संत्र्याच्या सालीसारखा बसला आहे: एक तर दाट फवारला किंवा लांबून. बारीक टोके दिसली तर धूळ. खाली ओघळ दिसला तर एकाच थरात जास्त रंग. सॅटिन चमकीत दोष लपतात, म्हणून सॅटिन मॉडेल जास्त तिरपे धरून पाहा. माझे मत विचाराल तर १:८७ ला सॅटिनच शोभते. पूर्ण ग्लॉसमध्ये नवे इंजिनही खेळणे वाटते.

रंगाची जाडी दरवाज्याच्या बिजागऱ्यांत आणि जाळीच्या पट्ट्यांत कळते. धारा गोल झाल्या, जाळीच्या फटी बुजल्या, तर थर जाड आहे. एकाच साच्यातल्या दोन रंगसंगती शेजारी ठेवल्या तर हे पटकन दिसते: जिच्यावर जास्त रंग चढवले, तिचे रिव्हेट कमी उठून दिसतात.

टेप लावून रंगवलेल्या पट्ट्याची परीक्षा कॅबच्या वळणावर, दरवाज्याच्या चौकटीवर आणि हँडरेलच्या मागे करा. सपाट जागी कोणाचीही कड सरळ येते. वळणावर टेप नीट दाबली नसेल तर रंग खालून शिरतो. टेप उशिरा काढली असेल तर कडेला नखाला लागेल असा उंचवटा राहतो. बाजूचा पट्टा समोरच्या पट्ट्याला जिथे मिळतो, तिथे पायरी पडली आहे का, हे दोन्ही कॅबना आणि दोन्ही बाजूंना पाहा. विक्रेता नेहमी चांगली बाजू पुढे ठेवतो.

प्लास्टिकचे कवच आणि धातूचा बफरबीम यांना एकच रंग दिला तरी तो वेगळा दिसतो, कारण खालचा प्राइमर वेगळा असतो. सांध्यापाशी हा फरक मोजून लिहा. रंग धरून आहे का हे पाहायला दुसऱ्याच्या मॉडेलवर टेप चिकटवायची नाही आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) तर अजिबात नाही. टॅम्पोची अक्षरे क्षणात पुसली जातात. स्वतःच्या मॉडेलवर, तळाच्या न दिसणाऱ्या भागात मास्किंग टेप मिनिटभर दाबून सावकाश काढा. टेपवर रंगाचे कण आले तर हाताळणी बेताने.

शंभरातले गुण असे वाटावेत असे आम्ही सुचवू: पट्ट्याची जागा आणि रुंदी ३०, अक्षरे २५, रंगकामाची सफाई २५, छटा २०. छटेला सगळ्यात कमी, कारण ती थोड्या धुळीच्या हाताने झाकता येते. चुकीच्या उंचीवरचा पट्टा झाकायचा तर सगळे इंजिन पुन्हा रंगवावे लागते.

पावसाळा, ऊन आणि डबा

पट्ट्याचा टवका स्वतः भरायचा असेल तर ऋतू पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या दमट हवेत लॅकर फवारला की वर पांढुरकी साय धरते: थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा रंगात अडकतो. मे महिन्यात सांगलीच्या उन्हात उलटे होते. रंग मॉडेलपर्यंत पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून छटा जुळवून घेता येते, पण तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असेल तर त्याचे थिनर पॉलिस्टायरिन, म्हणजे मॉडेलचे प्लास्टिक, वितळवते. आधी आतल्या बाजूला एक ठिपका लावून दहा मिनिटे थांबा.

ठेवताना मॉडेल मऊ टिश्यूत गुंडाळा. स्वस्त फोम किंवा प्लास्टिकची शीट रंगाला टेकून वर्षभर राहिली तर तिचा ठसा रंगात उमटतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती महिन्याला बदला. काचेचे कपाट खिडकीसमोर असेल तर इंजिनाची बाजू अधूनमधून फिरवा. नाहीतर दोन वर्षांनी एकाच इंजिनाच्या दोन बाजू शेजारी धरल्या तर दोन वेगळे लाल दिसतील.